बदललेलं मीठ

३ एप्रिल

फळ्याला आज नवा काळा रंग दिला. हात अजून काळे आहेत, वहीला डाग पडतायत — पडू देत.

लवूच्या दुकानाबाहेरचा हा फळा पूर्वी ग्रामपंचायतीच्या सूचनांसाठी होता. दोन वर्षं झाली, माझ्या ताब्यात आलाय. सकाळी लोक दुधाला येतात त्याच्या आधी मी खडू घेऊन हजर. वर ठळक 'आजचा आरोग्य सल्ला', खाली चार ओळी. पस्तीस वर्षं पोरांपुढे फळ्यावर लिहीत होते, तेव्हा इतक्या भक्तिभावाने कुणी वाचलं नाही. आता यमुनाबाई अक्षरावर बोट फिरवत वाचते आणि विचारते, "बाई, उद्या काय लिवणार?"

चारच ओळी, कारण म्हाताऱ्यांना दिसेल एवढं अक्षर काढलं की पाचवी मावत नाही. मोबाईलवर नव्या संशोधनाच्या बातम्या येतात. त्या वाचायच्या, पाल्हाळ काढून टाकायचं आणि चार ओळींत बसवायचं. जेवल्यावर दहा मिनिटं चाला. झोपायची वेळ रोज एकच ठेवा. बसून बसून कंटाळलात तरी उठा, न कंटाळलात तरी उठा. हे म्हणतात, "वाडीत कोण मेलं तर तुझ्या फळ्याचा अपमान व्हायचा."

यांनी बत्तीस वर्षं जहाजावर काढली. आता घरी. साखर पंधरा वर्षांची, रक्तदाब दहा वर्षांचा. गेल्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, किडनी जराशी थकली आहे. क्रिएटिनिन दोनच्या आसपास. मीठ कमी करा म्हणाले. मीठ कमी करून आमच्यासारख्यांनी पेजेबरोबर काय खायचं, ते नाही सांगितलं.

५ एप्रिल

सापडलं!

मीठच बदलायचं. कमी सोडियमचं मीठ मिळतं — सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं. चीनच्या सहाशे खेड्यांत वीस हजार लोकांना पाच वर्षं देऊन बघितलं. रक्तदाब उतरला, पक्षाघात कमी झाले, माणसं कमी मेली. चव जवळजवळ तीच. म्हणजे सुकं बोंबील तोडायला नको, लोणचं सोडायला नको, यांचं तोंड वाकडं व्हायला नको. आणखी काय हवं माणसाला?

लेख लांबलचक होता. शेवटी नेहमीचं — अमक्यांना अभ्यासात घेतलं नव्हतं, तमक्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. असं तर प्रत्येक लेखाच्या शेवटी असतं. ते लिहीत बसले तर फळा अंगणाएवढा लागेल.

चार ओळी झकास बसल्या. लवूला रत्नागिरीहून दहा पाकिटं आणायला सांगितली.

६ एप्रिल

पहिल्या दिवशीचं वरण. हे काही बोलले नाहीत. म्हणजे जिंकलं.

१९ एप्रिल

आज रक्तदाब — एकशे अडतीस! वरचा. महिन्यापूर्वी एकशे साठच्या खाली येत नव्हता. तीनदा मोजला. हे म्हणाले, "यंत्र बिघडलंय." मी स्वतःचा मोजला, यमुनाबाईचा मोजला. यंत्र ठणठणीत.

खरं सांगायचं तर मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, मागच्या पडवीत. हा माणूस लग्नानंतरची निम्मी वर्षं पाण्यावर होता. आता कुठे रोज समोर बसून जेवतोय. तो असाच पंधरावीस वर्षं जेवावा, एवढंच माझं मागणं आहे. फळाबिळा सगळं त्यापुढे झूठ.

यमुनाबाईनेही मीठ बदललं. लवू म्हणतो, पाकिटं पुरत नाहीत.

८ मे

कंबर मोडली. चार दिवस बेगमी चालली आहे. पाऊस पडायला लागला की वाटी घेऊन कुणाच्या दारात जायचं? त्यामुळे वर्षाचं सगळं आत्ताच. कच्च्या फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात घालून दोन बरण्या. कैरीचं लोणचं एक बरणी. आणि आगळ — रातांबे या वर्षी इतके आले की कोकमाच्या रसात मीठ घालून घालून आठ बाटल्या भरल्या.

अर्थात नव्या मिठात! या मिठात टिकेल का, अशी वन्संना शंका. "आमी जाडं मीठ घालताव, तेच बरं," म्हणाल्या. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहिणी, सावित्री. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या घरात एकट्या राहतात. नवरा लवकर गेला, मूल नाही. सासूबाई वारल्या तेव्हा हे सात वर्षांचे होते, वन्सं चौदाच्या. यांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं. सदुसष्ट वर्षांच्या घोड्याला अजून 'बाळा' म्हणतात.

मी त्यांना सांगितलं, वन्सं, जाड्या मिठाचे दिवस गेले. बरण्यांना चिठ्ठ्या डकवल्या. शिक्षिकेची खोड जात नाही.

२४ मे

हे दोन दिवस गळल्यासारखे वाटतायत. जिना चढताना पाय भरून येतात म्हणाले. हाताच्या बोटांना मुंग्या. उकाडा भयंकर आहे, घाम किती जातोय. अंगातले क्षार कमी झाले असणार.

वन्संनी बातमी कळताच दोन शहाळी आणली, त्यांच्या दारच्या माडाची. "बाळा, तोंड बग कसं उतरलंय. हे पी. पातळ मलईचं हाय."

मी वाटीत ओतून दिलं, वर चिमूटभर मीठ घातलं.

२९ मे

आजचा सल्ला: उन्हाळ्यात थकवा आला तर शहाळं प्या. क्षार भरून निघतात.

वन्सं रोज दोन आणतात. परवा तीन. हे कंटाळले, पण बहिणीपुढे बोलायची हिंमत नाही. लहानपणी तिने बदडलंय ना.

१ जून

पाय जास्तच जड. नाडी हाताला लागली ती फार सावकाश. मी मोजली — चव्वेचाळीस. हर्षदला फोन केला. मुलगा मुंबईत, तिथून तो काय करणार? तरी म्हणाला, "आई, आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने. मी निघतो."

लवूची गाडी.

३ जून

लिहायला हात चालत नाही. तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

पोटॅशियम सात पॉइंट एक. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-चार तास उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, डायलिसिस केलं. पोटॅशियम. तो शब्द ऐकला मात्र — लेखाचा शेवटचा परिच्छेद डोळ्यांसमोर आला, अक्षर न् अक्षर. किडनीचा विकार असणाऱ्यांनी हे मीठ वापरू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी वापरू नये. यांचं दोन्ही आहे.

डॉक्टर विचारत होते. दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या का? नाही. काही गावठी औषध? नाही.

"मीठ कुठलं वापरता? ते लो सोडियमवालं नाही ना?"

हर्षद माझ्या शेजारी उभा होता. मुंबईहून येऊन तासही झाला नव्हता. वन्सं भिंतीला टेकून होत्या. मी म्हटलं, "नाही. साधंच."

किती सहज म्हटलं! मला वाटत होतं खोटं बोलताना माणसाचा आवाज तरी बदलतो.

"शहाळं वगैरे?"

तर वन्संच मागून म्हणाल्या, "मी देतंय की. रोज दोन. कदी तीन." त्यांना वाटलं डॉक्टर शाबासकी देतील.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो आजी, किडनीच्या पेशंटला शहाळं म्हणजे पोटॅशियमचं पाणी. जीव घेतला असतात."

वन्संनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. आणि मी — देवा — मला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं. आता कुणी आणखी काही विचारणार नव्हतं.

४ जून

घरी येऊन मिठाचा डबा परसात उलटा केला. उरलेली पाकिटं खड्ड्यात पुरली. लवूला सांगितलं, ते मीठ पुन्हा आणू नकोस, कडवट लागतं. यमुनाबाईकडचं पाकीट 'खराब आलंय' म्हणून काढून घेतलं. ती म्हणाली, "मला तर गोड लागलं."

झालं. निस्तरलं. यापुढे साधं मीठ, तेही चिमटीने. आता सांगून काय उपयोग? यांच्या जिवाला तर आता धोका नाही.

७ जून

यांना घरी आणलं. पाच किलोने उतरलेत. डॉक्टरांनी कागद दिलाय — शहाळं, नारळ, केळं, टोमॅटो बंद. बटाटा उकडून पाणी टाकायचं. डाळ वाटीभर. लोणचं, पापड बंद. मी कागद स्वयंपाकघरात चिकटवला.

निघताना डॉक्टरांना विचारलं, नारळ नाही म्हणजे सोलकढी नाही, तर कोकमाचं नुसतं सार चालेल का? यांना त्याशिवाय घास जात नाही. ते म्हणाले, "थोडं चालेल. मीठ बेताचं घाला."

१० जून

वटपौर्णिमा. इतकी वर्षं नुसती रीत म्हणून करत आले. आज फेऱ्या मोजायच्या विसरले.

१२ जून

हर्षदची उद्याची गाडी. जाण्याआधी म्हणाला, "आई, तुझा फळा आहे ना? मग लिही त्यावर. किडनीच्या रुग्णांना शहाळं देऊ नका. बाबांच्या बाबतीत झालं ते दुसऱ्याच्या घरी नको."

बरोबरच होतं म्हणणं. मी काय सांगून नाही म्हणणार?

लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, टपोरं. तीन ओळींत संपलं. चौथी ओळ रिकामी होती. तिथे मिठाचं लिहिता आलं असतं. खडू हातात होता. मागे दोघंतिघं दुधाचे तांबे घेऊन उभे होते. 'सकाळी कोवळं ऊन घ्या' असं लिहून मी बाजूला झाले.

वन्सं आल्या. त्यांना वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचतात. मी तोवर थांबले नाही. लवू सांगत होता, त्या बराच वेळ उभ्या होत्या आणि दूध न घेताच गेल्या.

१३ जून

हर्षद गेला. जाताना आत्याच्या पाया पडला नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

१८ जून

हे बरे आहेत. हळूहळू ओसरीपर्यंत चालतात. जेवणात जीव नाही त्यांचा. "हे काय गो, जहाजावरच्या कैद्यालासुद्धा बरं मिळत असेल." मी म्हटलं, जहाजावर कैदी कधी ठेवलेत तुम्ही? हसले. खूप दिवसांनी.

सारावर मात्र खूश. रोज दुपारी वाटीभर, आगळ घालून, जिऱ्याची फोडणी. वेगळं मीठ मी घालतच नाही, आगळाचंच पुरे होतं. परवा गऱ्यांची भाजी केली — पाण्यातून दोनदा धुऊन घेतले, डॉक्टरांनी सांगितलं तसं. दोन घास जास्त जेवले.

वन्सं संध्याकाळी येऊन बसतात. रिकाम्या हातांनी. आज त्या यांचे पाय चेपत होत्या.

२३ जून

परत पाय जड. पाऊस लागून राहिलाय, रस्त्यावर दरड आल्याचं लवू म्हणतो. उद्या रक्त तपासायला न्यायचंच.

२४ जून

गेले.

गाडीतच. इस्पितळाचं फाटक दिसत होतं.

२६ जून

रक्त तपासलं होतं त्यांनी तरी. डॉक्टर हर्षदला म्हणाले, पोटॅशियम पुन्हा वाढलं होतं. एवढी काळजी घेऊन कसं वाढलं, कळत नाही.

हर्षदला लगेच कळलं. काल घर माणसांनी भरलेलं, हे अजून ओटीवर होते, आणि त्याने विचारलं, "आत्या रोज येत होती ना? संध्याकाळी?"

वन्सं म्हणाल्या, "मी काय दिलं नाय रे. शपत. पाणीपन नाय दिलं."

"आत्या, तू बाजूला हो."

तेवढंच म्हणाला. पुन्हा पुन्हा. शेवटी दोन बायकांनी त्यांना धरून पडवीत नेलं. भावाच्या तोंडात पाणी घालायला त्यांना मिळालं नाही.

मी त्याला अडवलं नाही. कारण मलाही तसंच वाटतंय! खरंच वाटतंय. मी तर मीठ पुरून टाकलं होतं. मग दुसरं काय असणार? म्हातारीला राहवलं नसणार, भाऊ सुकलेला बघून पदराआड आणलं असणार. मला त्यांचा राग येतोय. दोन दिवस तो राग धरून बसलेय. त्याच्यावरच चालतेय म्हटलं तरी चालेल.

८ जुलै

दिवसकार्य झालं. हर्षद आणि सूनबाई, अक्षया, आज मुंबईला गेले. गौरी-गणपतीपर्यंत सगळं आवरून मला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलंय. इथे एकटी नको म्हणतो. "आत्याच्या शेजारी तर मुळीच नको."

११ जुलै

फडताळ आवरायला काढलं. आगळाच्या बाटल्या. आठातल्या दोन रिकाम्या, तिसरी अर्धी. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी — 'आगळ. मे. नवीन मीठ.'

गऱ्यांच्या बरणीवरही तेच. 'नवीन मीठ.' खाली रेघसुद्धा मारली आहे, पट्टी लावून.

मी तिथेच फरशीवर बसले.

पाकिटं पुरली, डबा उलटा केला, यमुनाबाईच्या घरातलंसुद्धा काढून आणलं. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. बेगमीतलं मीठ हे मीठ आहे असं वाटलंच नाही मला. ते कोकम होतं, ते फणस होतं. अठरा दिवस मी त्यांना वाट्या भरभरून दिलं. वरून विचारत होते, "आणखी देऊ थोडं?"

१२ जुलै

डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. त्या मिठात लोणचं घातलंत का, आणखी कशाकशात गेलंय. तो त्यांचा धंदा आहे, ते विचारतातच. साराला हो म्हणाले नसते.

नवऱ्याला एकदा चुकून मारायला निघाले होते मी. दुसऱ्यांदा लाज वाचवायला मारला. असंच लिहायला हवं. इथे तरी.

१३ जुलै

सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. मोरी लाल झाली.

१७ जुलै

वन्सं फक्त सकाळी एकदा पेज घेतात असं यमुनाबाई सांगून गेली. पेज, तीही बिनमिठाची. वाडीत कुणी तोंडावर बोलत नाही, पण हळदीकुंकवाच्या दिवशी जसं विधवेला वगळतात तसं त्यांना आता सगळीकडून वगळतात. आजारी माणसाच्या घरी तर येऊच देत नाहीत. भागोजीची आई पडून आहे, वन्सं बघायला गेल्या तर सुनेने दारातूनच 'झोपल्यात' म्हणून परत लावलं.

हे सगळं माझ्या तीन ओळींनी केलं. फळ्याकडे मी तेव्हापासून गेलेली नाही. पावसाचं पाणी लागून खडू पुसला असेल. माणसांच्या डोक्यातून पुसला जात नाही.

२४ जुलै

सकाळपासून गडग्यापलीकडे करवतीचा आवाज. पाहते तर दोन माणसं माडावर. वन्संनी दारचे दोन्ही माड तोडायला सांगितले. फळता माड! या मुलखात लेकरावर कुऱ्हाड उगारावी तसं आहे हे. त्या माणसांनीही आधी नाही म्हटलं म्हणे, वन्संनी पाया पडून कबूल करून घेतलं.

मी गडग्यापाशी गेले. म्हटलं, "वन्सं, कशाला?"

"नको ते डोळ्यासमोर. त्यांनी माजा भाव नेला."

मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. मग दुसरा माड पडला, जमीन हादरली, आणि मी घरात पळाले. चुलीपुढे येऊन उभी राहिले. अशी भेकड बाई पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवत होती.

२ ऑगस्ट

हर्षदला फोन लावला. ठरवूनच लावला. "हर्षद, बाबांचं मला तुला काहीतरी सांगायचंय."

तो म्हणाला, "आई, नको ना परत. मला रोज वाटतं मी तेरा तारखेला निघालो नसतो तर मी तिला घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. मी तिला आयुष्यात माफ करणार नाही. तुला सांगतो, ज्याने कुणी माझ्या बापाला... जाऊ दे. तू जेवलीस का?"

मी म्हटलं, जेवले.

त्याच्या आवाजात एवढा द्वेष मी कधी ऐकला नव्हता. तो चुकीच्या दारात पडतोय. माझ्या दारात पडला तर मी कुठे जाऊ? एकच मुलगा. नात सानवी, सहा वर्षांची, 'आजी कधी येणार' म्हणून कॅलेंडरवर खुणा करते. मी हिशेबी बाई आहे, आज कळलं.

३ ऑगस्ट

काही नाही.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळपासून माणसं नटूनथटून खाडीकडे चालली आहेत, नारळ हातात. आमच्याकडे सुतक संपलं तरी या वर्षी काही नाही. वन्संचं दार बंद.

दुपारी गडग्यापाशी हाक ऐकू आली. "विमल." अंगाने अर्ध्या राहिल्यात. चोळी खांद्यावरून घसरते आहे. त्या दिवसापासून आमच्या अंगणात पाय ठेवत नाहीत — हर्षदने बजावलंय ना. गडग्यावरून हात लांब केला. हातात राखी होती. लवूच्या दुकानातली, साधी, लाल गोंड्याची.

"फोटोला बांदशील काय गो? माज्या वतीनं. साठ वर्सं चुकली नाय. जहाजावर व्हता तवा पोस्टानं धाडायची."

मी घेतली. आत येऊन यांच्या फोटोच्या चौकटीला बांधली. गाठ बसेना. तिसऱ्यांदा बसली.

हे फोटोत हसतायत. त्यांना सगळं माहीत असल्यासारखे.

उद्या जाते. हर्षदला नंतर, पण आधी त्यांना. सूर्य उगवला की उठून जायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही. चहा घेतला की माणूस बदलतो.

१० ऑगस्ट

गेले. सगळं सांगितलं. मीठ, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर, आगळाच्या बाटल्या, फळा. एकदाही थांबले नाही.

मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे शेवटाला माज्या नारळानं नाय ना गेला?"

मी म्हटलं, नाही वन्सं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसले, उठल्या, चुलीवरची पेज दोन ताटल्यांत वाढली आणि इतक्या दिवसांनी त्यात मीठ घातलं. एक ताटली माझ्यापुढे सरकवली.

"हर्षदला सांगू नको. बाप गेला त्याचा, आता आयपन नको जायला. मी काय, म्हातारी, आज हाय उद्या नाय. माज्यावरच ऱ्हाऊं दे."

मी हो म्हटलं. आणि पेज जेवले.